डावीकडून दुसरा

चौतीस वर्षांच्या नोकरीत मनापासून आभार मानणारा एकही माणूस मोजणीदारांना भेटला नव्हता. जमीन मोजणाऱ्याच्या वाट्याला आभार येतच नाहीत. ज्याची जागा दोन हात वाढते तो म्हणतो, ती माझीच होती. ज्याची कमी होते तो सात पिढ्यांचा उद्धार करतो. साखळी गुंडाळायची, नकाशावर सही करायची आणि कुणाच्याही घरचं पाणी न पिता निघायचं, ही त्यांची रीत होऊन गेली होती. निवृत्तीच्या दिवशी कार्यालयाने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. तेही रोज पाच मिनिटं मागे पडायचं.

मग व्याख्यानं सुरू झाली. महिन्याच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी पाच वाजता, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. विषय कायम एकच: आपला जिल्हा. कुठला रस्ता आधी कुठून जात होता, बाजाराचा दिवस का बदलला, पाण्याच्या टंचाईत कोणत्या विहिरीने किती गावं जगवली. पहिल्या शनिवारी अकरा माणसं होती, त्यातली तीन चहासाठी आलेली. सहा वर्षांत माणसं साठ झाली. चहासाठी येणारे मात्र तीनच राहिले आणि ते किटलीजवळच्या मागच्या खुर्च्या सोडायला तयार नसत.

व्याख्यानांचा एक नियम होता आणि तो मोजणीदारांनीच घातला होता. दाराशी टेबलावर एक जाड वही असायची, दुरुस्तीची वही. वक्त्याचं काही चुकलं असं ज्याला वाटेल त्याने त्यात लिहायचं, आणि पुढच्या व्याख्यानाची सुरुवात ती नोंद मोठ्याने वाचून करायची. पहिल्याच पानावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात होतं: 'जे लिहिलं जाईल ते वाचलं जाईल.' सहा वर्षांत एक्केचाळीस नोंदी आल्या. गिरणी दोन वर्षं आधी बंद पडली. तो डॉक्टर नव्हता, कंपाउंडर होता. आमचे काका पळून गेले नव्हते, बदली झाली होती. मोजणीदार प्रत्येक नोंद खणखणीत आवाजात वाचत. हद्दीचा दगड चुकीच्या जागी बसला असेल तर तो उपटून हलवायचा असतो, त्याच्याकडे बघत बसायचं नसतं, असं ते म्हणत.

बेचाळिसावी नोंद शनिवारी रात्री घरी येऊन वही उघडल्यावर दिसली. अक्षर गावातल्या टेलरचं, खडूने कापडावर लिहावं तसं ठसठशीत.

'पुलाच्या फोटोत सगळ्यांच्या कोटाची बटणं उलट्या बाजूला आहेत. फोटो उलटा छापलाय.'

मोजणीदारांनी ती ओळ तीनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि चौथ्यांदा वाचली.

पुलाचा फोटो म्हणजे हॉलचा मानबिंदू. सत्तर वर्षांपूर्वी नदीवरचा दगडी पूल पूर्ण झाला तेव्हाचा. दुसऱ्या खांबासमोर नऊ कामगार एका ओळीत उभे. फोटोसाठी ठेकेदाराने सगळ्यांच्या अंगावर नवे कोरे कोट चढवलेले. फोटोत कोण कोण आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मोजणीदारांना बांधकाम खात्याच्या जुन्या कपाटात इंजिनियरची रोजनिशी सापडली आणि त्यात 'फोटोत डावीकडून' असं म्हणून नऊ जणांची यादी. त्यांनी यादी फोटोला लावली. पहिला गवंडी, दुसरा पाथरवट, तिसरा लोहार, असं करत आठव्यापर्यंत आले. आठव्यापुढे लिहिलं होतं: 'बदली माणूस, नाव नोंदवले नाही.' फोटोतला आठवा नेमका फोटो काढताना हललेला होता, चेहऱ्याच्या जागी धूसर पांढरा फराटा. मोजणीदार या ठिकाणी दरवेळी म्हणत, "बदलीचा माणूस तो, फोटोतसुद्धा टिकला नाही." हॉल दरवेळी हसायचा.

आणि दुसरा, तो पाथरवट, तो सिस्टरचा बाप होता.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. हॉलमधली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे त्यांना पहिल्या रांगेत जागा धरून ठेवावी लागत नसे. पूल झाला आणि दोनच महिन्यांत त्यांचा बाप तापाने गेला. सिस्टर त्यानंतर जन्मल्या. घरात त्याचा फोटो नव्हता, चित्र नव्हतं, काहीच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मोजणीदारांनी यादी वाचली तेव्हा पहिल्या रांगेतून आवाज आला होता, "दुसरं नाव परत वाचा." मोजणीदारांनी परत वाचलं. सिस्टर उठल्या, फोटोपाशी गेल्या आणि डावीकडून दुसऱ्यासमोर उभ्या राहिल्या. बराच वेळ. सदुसष्टाव्या वर्षी त्या बापाला पहिल्यांदा भेटत होत्या.

पुढच्या आठवड्यात मोजणीदारांनी तो चेहरा मोठा करून, चौकट लावून त्यांना दिला. सिस्टरनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "साहेब, आभार मानते. दुसरं काय बोलू?" चौतीस अधिक तीन, अशा सदतीस वर्षांतले ते पहिले आभार. मोजणीदारांनी ते जपून ठेवले होते.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आत ते टेलरच्या दारात उभे होते.

"या साहेब. मला वाटलंच, तुम्ही येणार," टेलर म्हणाला. तो चहासाठी येणाऱ्या तिघांपैकी एक. "चाळीस वर्षं कोट शिवतोय. पुरुषाच्या कोटाला बटण उजवीकडे, काज डावीकडे. वरचा खिसा डाव्या छातीवर. तुमच्या फोटोत नऊच्या नऊ जण बायकांचे कोट घालून उभे आहेत."

"शिवणाऱ्याची चूक असेल."

"चूक एका कोटात होते. नऊ कोटांत एकसारखी चूक करणारा टेलर असता, तर मी त्याच्या हाताखाली शिकायला गेलो असतो."

"मग इतकी वर्षं गप्प का बसलात?"

"मी बसतो किटलीपाशी. तिथून मला कोटसुद्धा दिसत नव्हते. यंदा तुम्ही नवा प्रोजेक्टर आणला, बटणं बशीएवढी झाली." टेलरने सुईत दोरा ओवला आणि वर पाहिलं. "का हो? काही बिघडलं का?"

"बघू," मोजणीदार म्हणाले.

तिथून ते थेट नदीवर गेले, हातात फोटोची प्रत घेऊन. पुलाखाली ते शंभरदा गेले असतील, पण फोटो घेऊन कधीच नाही. दुसऱ्या खांबासमोर फोटोवाला जिथे उभा राहिला असेल तिथे ते उभे राहिले. खांबात होड्या बांधायची लोखंडी कडी अजून होती, गंजून अर्धी झालेली. फोटोत कडी ओळीच्या डाव्या टोकाच्या डोक्यावर होती. समोर ती उजवीकडे होती.

मोजणीदार एका दगडावर बसले. जागेवर गेल्याशिवाय नकाशा काढायचा नाही, हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवणारे ते. आणि त्यांनी स्वतः काय केलं? एक कागद हॉलमधला, दुसरा कपाटातला. दोन्ही टेबलावर ठेवून जोडले आणि मोकळे झाले. नदी इथे चालत वीस मिनिटांवर होती.

सोमवारी ग्रंथपाल बाईंनी वाचनालयाची फाईल काढली. हॉलमधला मोठा फोटो मूळ छापील प्रत नव्हताच. वाचनालयाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तो जुन्या काचेच्या निगेटिव्हवरून नव्याने काढलेला. काच पालथी ठेवली की चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. इंजिनियरने यादी केली होती सरळ फोटोवरून.

"म्हणजे दुसरा आहे तो आठवा," बाई बोटं मोजत म्हणाल्या. "आणि आठवा..."

"दुसरा. पाथरवट."

"पण काका, त्याला तर चेहराच नाही."

"नाही."

बाई ग्रंथपाल असल्या तरी त्यांचा जन्मही सिस्टरच्याच हातावरचा. त्या हळूच म्हणाल्या, "ही एक नोंद राहू द्या ना. किंवा नुसतं वाचा, फोटो उलटा आहे म्हणून. कोण कुठला ते उलगडत कशाला बसायचं?"

"सिस्टर मोजतील. आयुष्यभर थर्मामीटर वाचलेली बाई आहे ती."

मंगळवार गेला, बुधवार गेला. मोजणीदार रोज संध्याकाळी सिस्टरच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जात आणि भाजी घेऊन परत येत. गुरुवारी घरात दुधी भोपळे चार झाले.

"अहो," बायको म्हणाली, "हे भोपळे कुणाला द्यायचेत ते एकदा सांगून टाका."

त्यांनी सगळं सांगितलं. बायकोने चौथा भोपळा बाजूला सरकवला.

"पूर्वी दगड चुकला तर दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निघायचात. लोक काठ्या घेऊन उभे असायचे, तरी जायचात. आता एका म्हाताऱ्या बाईला भ्यायला काय झालं?"

"तेव्हा माझे कुणी आभार मानले नव्हते."

"म्हणजे दुखणं ते आहे होय," ती म्हणाली, पण हसली नाही. "ते परत करायला जायचंय."

"हो."

"मग रिकाम्या हाताने जाऊ नका. आणि भोपळाही नेऊ नका."

शुक्रवारी सकाळी दहा वाजता त्यांनी सिस्टरचं दार वाजवलं. बगलेत पिवळा लिफाफा होता. ग्रंथपाल बाईंनी फोटो संगणकावर सरळ करून त्यातला धूसर माणूस मोठा करून दिला होता. मोठा केल्यावर तो अधिकच धूसर झाला होता.

"साहेब! आज शनिवार नाही," सिस्टर म्हणाल्या. "बसा. बीपी बघू का? चेहरा उतरलाय."

खोली लहान आणि लख्ख होती. खिडकीशी टेबल, टेबलावर घडी केलेलं वर्तमानपत्र, भिंतीवर घड्याळ आणि घड्याळाशेजारी तो, चौकटीत. सरळ बघणारा, जबडा घट्ट मिटलेला, भुवया जुळलेल्या. बाहेर पडताना सिस्टर त्याला "येते हं" म्हणून जातात, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

मोजणीदारांनी चहा घेतला नाही. उभ्यानेच सांगितलं, मोजणीचा अहवाल सांगावा तसं: बटणं, कडी, काच, यादी. कुठे थांबले नाहीत, कारण थांबले असते तर पुढचं बोलता आलं नसतं. शेवटी म्हणाले, "तीन वर्षं तुमच्या भिंतीवर परका माणूस आहे. तो मी दिला. जागेवर न जाता दिला. चूक माझी."

सिस्टर उठून चौकटीसमोर गेल्या.

"मग हा कोण?"

"बदली माणूस. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही."

"आणि माझा बाप?"

मोजणीदारांनी लिफाफा पुढे केला, पण हातातून सोडला नाही. "सिस्टर, आधी सांगतो. तो फोटोत हललाय. चेहरा नीट नाही. ज्याच्यावर मी दरवेळी विनोद करतो ना, टिकला नाही म्हणून... तो."

"मीही हसायचे त्याला," सिस्टर म्हणाल्या. "द्या इकडे."

त्या खिडकीशी बसल्या. चष्मा बदलला. फोटो उजेडात धरला, लांब नेला, जवळ आणला. चेहऱ्याच्या जागी पांढरा फराटा. त्यातून एक कान, गालाची कड आणि वर उचलला जाणारा हात, कुणाला तरी हाक मारावी तसा. बाकीचे आठ जण खांबासारखे ताठ. मोजणीदार घड्याळाकडे बघत होते. ते बरोबर चालत होतं.

"हलला," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"हलला हो, मेला!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता चष्मा काढावा लागला. मोजणीदार पाणी आणायला वळले.

"साहेब, बसा. बसा आधी." सिस्टरनी डोळे टिपले. "आई त्याच्याबद्दल फार बोलायची नाही. बोलली की एकच गोष्ट सांगायची. तुझा बाप एका जागी म्हणून उभा राहायचा नाही. जेवायचा तो चालत. केस कापायला बसला की न्हावी रडायचा. बोलणं निम्मं झालं की हा दाराबाहेर. लहानपणी मी विचारायचे, बाबा कसे होते, तर आई म्हणायची, दिसले तर सांगू ना."

त्यांनी भिंतीकडे बोट केलं.

"आणि तुम्ही मला हा आणून दिलात. हा बघा कसा उभाय, पुलाचा दहावा खांब! मी रोज बघायचे आणि मनात म्हणायचे, आई, तू मला बनवून सांगितलंस. मला काहीतरी सांगायला हवं म्हणून रचलंस. तीन वर्षं साहेब, मी मेलेल्या आईला खोटी समजत होते. कुणाला बोलले नाही. तुम्ही एवढा हौसेने दिलेला, तुम्हाला तर कशी बोलणार?"

मोजणीदार बसले.

"आज आई खरी ठरली," सिस्टर म्हणाल्या. फोटो त्यांनी मांडीवर ठेवला होता आणि त्या फराट्यावर तळहात, तापाला हात लावून बघावा तसा. "बाप दोनदा दिलात तुम्ही मला. पहिल्यांदा दिलात तेव्हा मी आभार मानले होते. ते घाईत झालं. आजचे धरा."

आणि त्यांनी पुन्हा त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"चहा टाकते आता," त्या म्हणाल्या. "नाही म्हणायचं नाही."

मोजणीदार नाही म्हणाले नाहीत. चहात साखर जास्त होती. त्यांनी दुसरा कप मागितला.

"महिनाभर थांबत नाही, उद्याच खास सभा घेऊन नोंद वाचावी लागेल," निघताना ते म्हणाले. "नियम आहे. तुम्हाला नको असेल तर..."

"वाचा की. मी पहिल्या रांगेत आहे. आणि तो विनोद करू नका आता, माझा बाप आहे तो." मग जरा थांबून, "किंवा करा. मी केला तर चालेल ना?"

खास सभा होती, पहिला शनिवार नव्हताच. ग्रंथपाल बाईंनी दुपारी फोन फिरवले होते. तरी साठच्या ठिकाणी सत्तर आले. मोठा फोटो नव्याने छापून यायला महिना लागणार होता, म्हणून बाईंनी चौकटीखाली चिठ्ठी चिकटवली होती: 'हा फोटो आरशात पाहावा.' त्यांना वाटलं लोक वाचून हसतील. टेलरने ती हुकूम समजून वाचली. पाच वाजायला दहा मिनिटं असताना तो आणि चहासाठी येणारे बाकी दोघे दुकानातला पुरुषभर उंचीचा आरसा जिन्यावरून वर आणत होते. "कठड्याला लावू नका रे! माझं गिऱ्हाईक यात बघून पैसे देतं!"

आरसा फोटोसमोर उभा करण्यात आला. मोजणीदारांनी बेचाळिसावी नोंद खणखणीत वाचली. मग बटणं सांगितली, कडी सांगितली, काच सांगितली, आणि जागेवर न जाता नकाशा काढणारा माणूस कोण तेही सांगितलं. यादी नव्याने वाचली. दुसऱ्या नावाशी आले आणि थांबले.

सिस्टर उठल्या होत्या. फोटोकडे नाही, त्या आरशाकडे गेल्या. मागे भिंतीवर नऊ जण, समोर आरशात तेच नऊ, आता आपापल्या खऱ्या जागी, कोटांची बटणं बरोबर बाजूला. आणि त्यांच्या ओळीपुढे सिस्टर. त्या अर्धं पाऊल सरकल्या, मग आणखी थोड्या, डावीकडून दुसऱ्याचा फराटा आपल्या खांद्यामागे येईपर्यंत. मग हात वर करून त्यांनी केस सारखे केले.

"आमच्याकडे कुणी एका जागी टिकत नाही," त्या आरशातूनच हॉलला म्हणाल्या.

हॉल हसला. सगळ्यात मोठ्याने किटलीपाशी.

त्यानंतर आरशासमोर रांग लागली. लोहाराचा नातू आला, गवंड्याची पणती आली. मधला पाचवा सोडून सगळ्यांची माणसं इकडची तिकडे झाली होती. कुणी तक्रार केली नाही, एकाने मात्र म्हटलं, "तरीच! ते नाक आमच्यात कुणाचंच नाही." टेलर आरशाशेजारी उभा राहून प्रत्येकाला खांदे सरळ करायला सांगत होता.

हॉल रिकामा झाल्यावर मोजणीदारांनी दाराशी जाऊन वही उघडली. त्रेचाळिसावी नोंद होती. दवाखान्यातल्या तक्त्यावर लिहितात तशा बारीक, नेटक्या अक्षरात.

'आठवा, बदली माणूस. नाव अजून मिळालेलं नाही. मिळेपर्यंत मुक्काम आमच्या घरी, घड्याळाच्या डाव्या बाजूला. उजव्या बाजूला बाबा आहेत. बाहेर पडताना दोघांनाही सांगून जाते. साहेबांनी जागेवर येऊन खात्री करावी. चहा तयार असेल.'